चाळीस आणि चव्वेचाळीस

1
जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या मागच्या चाकांना ना कॉइल स्प्रिंग, ना पाटे. मागच्या सीटखाली एक आडवी नळी, तिच्यात पोलादी गज दोन. गजाचं आतलं टोक नळीच्या मध्यावर पक्कं, बाहेरच्या टोकावर स्प्रिंग प्लेट. चाक वर गेलं की गजाला पीळ बसतो.

2
पीळ घेणारा हा गज म्हणजे टॉर्शन बार. त्याचं पेटंट फर्डिनांड पोर्शेंच्या कचेरीचं, 1931 सालचं. शेवटची जुनी बीटल मेक्सिकोतल्या पुएब्लामध्ये 2003 साली निघाली.

3
गजाच्या आतल्या टोकाला 40 दाते, बाहेरच्या टोकाला 44. आतला एक दात म्हणजे 9 अंश. बाहेरचा एक म्हणजे सुमारे 8 अंश 10 मिनिटं. गज आत एक दात फिरवायचा आणि प्लेट त्यावर एक दात उलटी बसवायची. उरतात 50 मिनिटं, एका अंशाहूनही कमी. शाळेतला व्हर्नियर याच हिशेबावर चालतो. एवढ्या ठोकळ दात्यांतून इतकं बारीक माप काढणाऱ्याला मी मनापासून मानतो.

4
50 मिनिटं म्हणजे चाकाशी साधारण पाव इंच. नुसता बाहेरचा एक दात सरकवला तर दोन इंचांच्या वर.

5
आधी गाडीचा स्वतःचा उतार मोजावा. दाराखालच्या पट्टीवर पाणसळवाला कोनमापक ठेवायचा, आकडा खडूने तिथेच लिहायचा. मग शॉक अॅब्सॉर्बर सोडवून, चाकाचं वजन उतरवून प्लेट मोकळी लटकू द्यायची. प्लेट बोटांनी हलकेच वर उचलायची, दात्यांतली ढिलाई निघते. त्याच क्षणी कोन वाचायचा. दोन आकड्यांतला फरक हा खरा कोन. तो किती हवा ते गाडीच्या सालावर आणि अॅक्सलच्या प्रकारावर ठरतं, म्हणून मॅन्युअल उघडं हवं. जमीन सपाट आहे, हे डोळ्यांनी ठरवू नये.

6
खाली अडवणाऱ्या ठोकळ्यावर टेकलेली प्लेट शांत दिसते. पीळ तिच्यात भरलेलाच असतो. ठोकळ्यावरून सोडवताना जॅक खाली आणि साखळी वर, दोन्ही लागतातच. समोर उभं राहू नये.

7
गजाच्या टोकावर एल किंवा आर कोरलेलं असतं. कारखान्यात त्याला एकाच दिशेने पीळ देऊन तयार केलेलं असतं. डावा गज उजवीकडे सहज बसतो, आणि काही काळाने तुटतो.

8
गजावरचा रंग शोभेचा नाही. रंग उडाला की गंज, गंजाचा खड्डा, खड्ड्यातून तडा. पकडीने गज धरणाऱ्याला तिथेच थांबवावं.

9
पोर्शे 911 ला मागे 1989 पर्यंत टॉर्शन बार होते. 23 मिमीचा गज काढून 25 चा घातला तर ताठरपणा सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. हातात धरल्यावर दोन्ही गज सारखेच वाटतात.

10
आवडी इथल्या कारखान्यात बनलेला टी-72 रणगाडा, आपला 'अजेय', तोही टॉर्शन बारवरच चालतो. एका बाजूला सहा चाकं, प्रत्येकाला एक गज.

11
पुन्हा बीटल. स्प्रिंग प्लेटच्या रबरी बुशना टॅल्कम पावडर लावायची. ग्रीस दात्यांना, रबराला नाही.

12
रेनॉ 4, 1961. मागचे गज गाडीच्या पूर्ण रुंदीचे, म्हणून एकामागे एक ठेवावे लागले. परिणामी उजवीकडचा व्हीलबेस डावीकडच्यापेक्षा 48 मिमी जास्त. गाडी सरळच चालते. तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी ती तशीच विकली, आणि मला ते धाडस फार आवडतं.

13
बीटलचा गज बसवल्याबरोबर उंची मोजण्यात अर्थ नाही. गाडी दाबून हलवावी, थोडी चालवून आणावी, मग मोजावी. डावी-उजवी एकत्र.

14
प्लेटची भोकं लांबट असतात. बोल्ट त्यांत मागेपुढे सरकतो आणि मागच्या चाकांचा टो, म्हणजे आत-बाहेर वळलेला कोन, बदलतो. म्हणून उघडण्याआधी प्लेट आणि अॅक्सलची फ्लँज, दोन्हींवरून छिन्नीची एकच खूण. खडू चालत नाही, डिझेलने धुताना जातो.