कोंबड्यांच्या घरातली भुरी

भुरी घरी येण्याआधी आमच्याकडं कुत्र्याच्या जातीवरून बरीच वादावादी झाली. कुत्रं पाळायचं, यावर मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. आमची वस्ती कडेगाव तालुक्यात, गावापासून लांब, मळ्यात. टेंभू योजनेचं पाणी आलं आणि जिथं बाजरी-मटकी व्हायची तिथं अंगणाला लागून ऊस उभा राहिला. उसानं हातात पैसा दिला, तसा शिकारी जनावरांना आडोसाही दिला. मुंगसं वाढली. रानमांजरं दिवसाउजेडी बांधावरून फिरायला लागली. सासूबाईंची खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसायची, पिलं काढायची, आणि तीच पिलं चरायला गेली की संध्याकाळी डालग्याखाली निम्मीच परत यायची. अंड्यांचे पैसे हा सासूबाईंचा स्वतःचा पैसा होता. नातवंडांचा खाऊ, देवळातली दक्षिणा, माहेरच्या लेकीबाळींची चोळी त्यातून व्हायची. त्यामुळं एकेक पिलू गेलं की त्यांचा जीव तुटायचा.

धाकट्या दिरांना कारवानी, म्हणजे मुधोळचा शिकारी कुत्रा, हवा होता. मुधोळ आमच्यापासून फार लांब नाही. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला तिची जोडी भेट दिली, 2005 साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, हे सगळं भाऊजींना तोंडपाठ. जनावर आहेच तसं. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, घरच्या माणसांशी अतिशय शांत वागणं. पण त्याला पिढ्यानपिढ्या निवडलं गेलं ते एका गुणासाठी. नजरेच्या टप्प्यात काही पळालं की त्याच्यामागं सुटायचं. सशानं पळावं काय आणि तलंगेनं पळावं काय, त्याच्या डोळ्याला दोन्ही सारखंच. भित्री तलंग तर पळणारच.

मुलगा तेव्हा पुण्यात शिकत होता. त्याचा हट्ट लॅब्रॅडोरचा. स्वभावानं या जातीला नावं ठेवायला जागा नाही, हे मी आजही म्हणेन. पण लॅब्रॅडोर घडला तो बंदुकीनं पाडलेले पक्षी पाण्यातून उचलून मालकाला आणून देण्यासाठी. तो दात न लावता अलगद उचलतो, हे खरं. मात्र आठ दिवसांचं कोंबडीचं पिलू त्या अलगद तोंडातही भीतीनं मरतं. शिवाय अंगावर दुहेरी केस, आमच्याकडचा एप्रिल-मे, आणि कमरेच्या सांध्याचं दुखणं. लॅब्रॅडोर काय, जर्मन शेफर्ड काय, या जातींत ते दुखणं आईबापांकडून उतरतं, आणि वजन वाढलं की बळावतं. पिलू विकणाऱ्यांपैकी आईबापाच्या सांध्याचा एक्स-रे दाखवणारा आम्हाला तरी कुणी भेटला नाही.

म्हैस बघायला आलेल्या डॉक्टरांपुढं हा वाद गेला. त्यांनी चहा घेता घेता जे सांगितलं ते मला फार पटलं. कुत्र्याची शिकार एका झटक्यात होत नाही, तिच्या पायऱ्या असतात. रोखून बघायचं, दबा धरायचा, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं, फाडून खायचं. माणसानं वेगवेगळ्या जाती करताना यातल्या काही पायऱ्या वाढवल्या, काही दाबल्या. इंग्लंडच्या सरहद्दीवरच्या मेंढ्या वळवणाऱ्या कोलीत रोखून बघणं आणि दबा धरणं टोकाला नेलं. डाशहंडचे पाय आखूड केले ते बिळात शिरून जनावर धरायला, म्हणून ते गोजिरवाणं कुत्रं खुराड्याशेजारी सगळ्यात धोक्याचं. आणि कळपात राहून कळप राखणारी जी कुत्री आहेत, त्यांच्यात ही सगळी साखळीच मंद ठेवली. ती मेंढीकडं रोखून बघत नाहीत. तिच्याजवळ पडून राहतात, आणि परकं कुणी आलं की उठतात.

पुढं कितीतरी वर्षांनी मी ‘ऑडबॉल’ हा ऑस्ट्रेलियन चित्रपट पाहिला, तेव्हा डॉक्टरांचं बोलणं पुन्हा आठवलं. वॉर्नांबूल गावाजवळच्या मिडल बेटावरचे छोटे पेंग्विन कोल्ह्यांनी जवळजवळ संपवले होते. 2006 पासून तिथं मारेम्मा जातीची राखणदार कुत्री ठेवली आणि पेंग्विन पुन्हा वाढले. ही कल्पना सुचवली ती तिथल्या एका कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यानं, कारण त्याच्या कोंबड्या हीच कुत्री राखत होती. मारेम्मा मूळची इटलीतल्या मेंढपाळांची. त्या दाट पांढऱ्या केसांनिशी ती आमच्या उन्हात तगायची नाही. पण मेंढ्या राखणाऱ्याला पाखरंही राखता येतात, एवढं त्यावरून कळतं.

सासूबाईंना हे कुणी सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांचं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, “जातीचं ऱ्हाऊ द्या. त्याची आय कशीय ती बगा आदी.”

दिवाळी झाली की माणदेशाकडचे धनगर मेंढ्या घेऊन कृष्णाकाठच्या बाजूला उतरतात. वाटेत आमच्या रानात त्यांचा वाडा पडतो. रात्री मेंढ्या बसल्या की रानाला खत मिळतं, त्यांना धान्य मिळतं. घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार लादलेला असतो, आणि त्या बोचक्यांत हमखास दोन गोष्टी दिसतात. पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या आणि कुत्र्याची पिल्लं. म्हणजे डोळे उघडल्यापासून ही पिल्लं कोंबड्यांच्याच संगतीत असतात. वाडा पडला की कोंबड्या सोडतात, त्या कुत्रीच्या अंगाखांद्याजवळून दाणे टिपत फिरतात.

त्या वर्षीच्या वाड्यात एक भुरकट रंगाची कुत्री व्यालेली होती. वाडा आमच्या रानात होता तोवर सासूबाई रोज सकाळी भाकरीचे तुकडे घेऊन तिकडं जाऊन बसायच्या. मला वाटायचं त्या पिल्लं बघतात. त्या आईला बघत होत्या. परकं माणूस पिल्लाजवळ गेलं तर ती गुरगुरते की अंगावर येते, कोंबडीनं तिच्या पुढ्यातला तुकडा पळवला तर काय करते, धन्यानं हाक मारल्यावर खाणं टाकून उठते की नाही. कोंबडीनं तुकडा नेला तेव्हा तिनं नुसती मान वळवली. तेवढ्यावर सासूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं.

मग पिल्लांची निवड. एक सगळ्यांत दांडगं होतं, कोंबडी दिसली की तिच्यावर झेपावायचं. ते बाद. एक बोचक्यामागं लपून बसायचं. तेही बाद, कारण भित्रं कुत्रंच आधी चावतं, हे त्यांचं अनुभवाचं मत. टाळी वाजवल्यावर दचकलं पण लगेच परत बघायला आलं, ते मधलं पिल्लू त्यांनी उचललं. मांडीवर उताणं धरलं. क्षणभर धडपडून ते निवांत झालं. मग त्यांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, गुलाबी होत्या. डोळ्यांत चिपाडं नव्हती, कानाला वास नव्हता, काखेत खरूज नव्हती. पोट मात्र टम्म होतं.

“जंत हायती,” त्या म्हणाल्या.

“व्हय की आक्का. पर दूध सुटंस्तवर न्हेऊ नगा,” म्हातारा धनगर म्हणाला. “आयनं चार थापडा मारल्याबिगर पिल्लाला दाताचं भान येत न्हाई.”

डॉक्टरही अगदी हेच म्हणाले. आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहिलेलं पिल्लूच किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं हे शिकतं. वाडा तोवर पुढं सरकला होता. यजमान मोटरसायकलवरून जाऊन पिल्लू घेऊन आले. भुरी असं नाव आपोआपच पडलं.

पहिल्याच आठवड्यात जंताचं औषध आणि पार्व्होची लस झाली. पार्व्होनं आमच्या आसपासच्या वस्त्यांवर पिल्लांची वेतंच्या वेतं गेलेली मी पाहिली होती. रक्ताची हगवण लागते आणि हाताशी काही राहत नाही. त्याचा विषाणू अंगणाच्या मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून दुसरा डोस होईपर्यंत भुरीला बाहेर सोडलं नाही. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, आणि मग दरवर्षी न चुकता.

कोंबड्यांशी ओळख जाळीआडून सुरू झाली. सासूबाई दाणे टाकायच्या तेव्हा भुरी जाळीपलीकडं माझ्या पायाशी. ती कोंबड्यांकडं एकटक बघायला लागली की मी हाक मारायची, मान वळवली की भाकरीचा तुकडा. नजर रोखली जाते तिथंच पहिली पायरी सुरू होते, ती तिथंच मोडायची. नंतर दोरीनं बांधून तिला अंगणात बसवलं. खरा धडा दिला तो पिलंवाल्या कोंबडीनं. भुरी वास घ्यायला पुढं गेली आणि कोंबडीनं पिसं फुलवून तिच्या नाकावर अशी चोच मारली की ती केकाटत माझ्या साडीत शिरली. पिलंवाल्या कोंबडीला वळसा घालून जायची सवय तिला त्या दिवशी लागली ती कायमची.

घरात काही नियम झाले. कोंबडी कापली तर आतडी-पिसं कुत्र्यापुढं जायची नाहीत. मानमोडीनं कोंबडी मेली तर लांब, खोल खड्ड्यात पुरायची. फुटकं अंडंसुद्धा भुरीला द्यायचं नाही. शिजलेली हाडं तर नाहीच, ती मोडून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात.

सात-आठ महिन्यांची असताना ती बिघडली. त्या वयात सगळीच बिघडतात. अंगात रग भरलेली. एका दुपारी दोरी सुटली, तलंग पळाली, भुरी मागं लागली आणि खेळता खेळता पाखरू मेलं. शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा म्हणाले, मेलेली कोंबडी तिच्या गळ्यात बांधा, कुजेपर्यंत ठेवा, पुन्हा तोंड लावणार नाही. हा उपाय आमच्याकडं सर्रास सांगितला जातो. मला तो क्रूर वाटतो, आणि निरुपयोगीही. गळ्यात लटकणारं ते ओझं आणि कालचा पाठलाग यांची सांगड कुत्र्याला घालताच येत नाही. सासूबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि नाही म्हणाल्या. भुरीला पुन्हा लांब दोरी लागली, सकाळ-संध्याकाळ भाऊजींबरोबर बांधानं पळणं सुरू झालं. दीड वर्षाची होईपर्यंत तिला कोंबड्यांजवळ एकटी सोडली नाही. पुढं तिच्या हातून एकही पाखरू गेलं नाही.

तिची उमेदीची वर्षं बघण्यासारखी होती. कोंबडा जमिनीवरच्या शत्रूला एक आवाज काढतो आणि आकाशातल्या शत्रूला दुसराच. हा फरक भुरी आमच्याआधी शिकली. कॉक् कॉक् असा तुटक गलका झाला की ती उसाच्या सरीकडं धावायची, मुंगूस असायचंच. आणि कोंबड्यानं लांब, बारीक सूर काढला की ती वर बघायची आणि अंगणाच्या मधोमध येऊन भुंकायची. शिक्रा किंवा घार झेपावणं सोडून पुढं सरकायची. रानमांजराशी एकदा झटापट झाली, कान फाटला. टाके घालताना ती निमूट बसली.

तिच्या भरवशावर आम्ही खुराडं मात्र कधी उघडं ठेवलं नाही. दिवस मावळला की कोंबड्या आत, कडी बंद, आणि भुरीही आत, पडवीत. कराडकडून बिबट्याच्या बातम्या येत होत्या आणि बिबट्याला कुत्रं सगळ्यात सोपं. राखणदार म्हणून तिला रात्री अंगणात बांधून ठेवा असं सांगणारे भेटले. बांधलेलं कुत्रं काय राखणार? त्याला स्वतःचा जीवही राखता येत नाही.

तिचं एक वेत होऊ दिलं. पिल्लं मागायला आलेल्या प्रत्येकाला सासूबाई आधी विचारायच्या, घरी कोंबड्या आहेत का, दिवसभर माणूस असतं का, लस टोचाल का. मग ऑपरेशन करून घेतलं. एका पावसाळ्यात गोचिडाच्या तापानं ती फार खंगली, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. डॉक्टरांनी सलाईन लावून वाचवली. तेव्हापासून आंघोळीपेक्षा गोचीड काढण्यावर आमचा भर. कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीचं मूळ, रोज.

म्हातारपणी डोळ्यांवर सारा आला, तरी कोंबड्याचा आवाज ऐकून तोंड बरोबर त्या दिशेला वळायचं. उन्हाला पडली की पिलं तिच्या पोटाला टेकून बसायची, एखादं पाठीवर चढायचं. तेरा वर्षांची होऊन ती गेली. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. कोंबड्यांचं नुकसान त्यांच्या मनात नव्हतं, त्या नुसत्या तिच्यासाठी रडल्या.

दुसरं कुत्रं लगेच आणायला त्या तयार नव्हत्या. एक उन्हाळा तसाच गेला आणि मुंगसांनी पुन्हा पिलं नेली. यंदा दिवाळीनंतर वाडा आला तेव्हा त्या नातवाचा हात धरून रानात गेल्या. त्या म्हाताऱ्या धनगराचा मुलगा आता वाडा चालवतो. त्याच्याकडची लालसर कुत्री आणि तिची पिल्लं त्यांनी तीन सकाळी बसून पाहिली. आणलेलं पिल्लू पाच महिन्यांचं झालंय, अजून लांब दोरीवर आहे. चोच खाऊन झाली आहे. या आठवड्यात तलंगा पहिल्यांदाच अंगणात सोडायच्या आहेत, आणि तेव्हा दोरी सासूबाईंच्या हातात असणार आहे.