अडीचशे लिटरमधला शेजार

चेन्नईत बोअरच्या पाण्याला कोणी चांगलं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. नळाच्या तोटीवर पांढरे थर, बादलीच्या कडेला खरबरीत वर्तुळं, गीझरच्या कॉइलची दर दोन वर्षांनी वाट. तूरडाळ तर कॅनचं पाणी घातल्याशिवाय शिजायचं नाव घेत नाही. अठरा वर्षं मीही या पाण्याला नावं ठेवली. मग आमच्या घरी मलावी सरोवरातल्या माशांचे वंशज राहायला आले आणि त्यांना हे पाणी जसंच्या तसं मानवलं. सामू आठच्या आसपास, क्षार भरपूर. नळ सोडला की काम झालं.

मासे मी हौसेनं आणलेले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या बंगाली कुटुंबाची गुवाहाटीला बदली झाली. चार फुटी काचेची टाकी काही ट्रकमध्ये जाणार नव्हती. "तुम्ही घ्या, यांना काही लागत नाही," असं म्हणून बौदी निघून गेल्या. टाकीत सहा मासे होते: एक गडद पिवळा नर, त्याच्याच जातीच्या दोन निळ्या माद्या आणि तीन फिकट लिंबू रंगाचे, ज्यांना दुकानात यलो लॅब म्हणतात. नराच्या जातीला बाजारात केनी म्हणतात. या जातीत लहानपणी सगळेच निळे असतात, अंगावर काळसर पट्टे. माद्या निळ्याच राहतात, नर वयात येताना पिवळा होत जातो.

घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वा, किती ऐसपैस आहेत मासे! सुमारे अडीचशे लिटर पाणी आणि रहिवासी सहा. आणि या ऐसपैस घरात एक लॅब दिवसरात्र वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, उभा लटकल्यासारखा असे. त्याची शेपटी झिजून खराट्यासारखी झाली होती. दाणे टाकले तरी तो खाली उतरत नसे. केनीला आपल्या रंगाचा दुसरा मासा दिसला की तो प्रतिस्पर्धी वाटतो, आणि लॅबचा पिवळा रंग हाच त्या बिचाऱ्याचा गुन्हा. दुसऱ्या महिन्यात तो मेला. केनीनं दुसऱ्याच दिवशी उरलेल्या दोघांपैकी एकाला धरलं.

हे भांडण समजायला सरोवर समजून घ्यावं लागतं. मलावी, टांझानिया आणि मोझांबिक या तीन देशांच्या मध्ये पसरलेलं, साडेपाचशे किलोमीटरहून लांब पाणी. त्यात सिक्लिड कुळातल्या शेकडो जाती, आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तिथले टोंगा लोक म्बुना म्हणतात. खडकांवरच्या शेवाळावर हे जगतात. काही जातींचे नर आपला खडक इतका कडवेपणानं राखतात की त्यांच्या हद्दीतलं शेवाळ आजूबाजूपेक्षा लांब वाढलेलं असतं, बांधावरच्या गवतासारखं. परक्याला हाकलायचं, एवढंच काम. हाकललेला मासा दोन-तीन हात दूर जातो आणि प्रकरण मिटतं. काचेच्या टाकीत तो दूर जाऊच शकत नाही. पळून पळून तो त्याच हद्दीत राहतो, म्हणजे मारणाऱ्याच्या लेखी तो अजूनही गेलेला नाही.

"तो पिवळा गुंड देऊन टाका," हा सल्ला सगळ्यांनी दिला. पण घेणार कोण? शिवाय म्बुना पाळणारे जुने लोक सांगतात ते मला पटलं: वरचा काढला की त्याच्या खालचा जागा घेतो. केनीच्या माद्यादेखील काही गाई नव्हेत. म्हणून मी उलट्या वाटेनं गेले. गर्दी केली.

कोळत्तूर हा चेन्नईचा रंगीत माशांचा बाजार. रविवारी गल्लीभर प्लास्टिकच्या फुगीर पिशव्या लटकलेल्या असतात. तिथून एकाच फेरीत सतरा मासे आणले: सहा निळे केनी, पाच लॅब आणि सहा रस्टी, जांभळट तपकिरी रंगाचे, स्वभावानं बरे. एकाच फेरीत हे महत्त्वाचं. दर आठवड्याला दोन दोन आणले असते, तर प्रत्येक वेळी दोघांनाच मार पडला असता. "सगळ्या माद्या आहेत अक्का," दुकानदार निळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला. बोटाएवढ्या केनीची मादी-नर निवड डोळ्यांनी करता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. जो पिवळा होईल तो परत घ्यायचा, असं कबूल करून घेतलं.

त्याआधी दांडगोबाला आठ दिवस बाल्कनीतल्या टबात ठेवलं, एक एअर पंप लावून. टाकीतले सगळे दगड काढले आणि काचेच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नव्यानं रचले, आरपार जाणाऱ्या भरपूर फटी ठेवून. जुनी गुहा, जुना कोपरा, काही उरलं नाही. नवे आले, स्थिरावले, मग दिवा बंद करून केनीला आत सोडलं. आता नवखा तो होता.

पुढचे तीन दिवस मी खुर्ची टाकून बसले. तो धावून जायचाच. पण एकाच्या मागे निघाला की वाटेत दुसरा आडवा यायचा, मग तो त्याच्यामागे वळायचा, तेवढ्यात तिसरा. कोणताही पाठलाग शेवटाला जाईना. प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं आलं, कोणा एकाच्या वाट्याला सगळं आलं नाही. धरलेला लॅब पंधरा दिवसांत दाण्यांसाठी खाली यायला लागला. त्याचे पर पुन्हा पूर्ण भरले.

कोनराड लोरेंझच्या 1963 सालच्या आक्रमकतेवरच्या पुस्तकात सिक्लिडच्या जोडीची गोष्ट आहे. शेजारी नसले की नर आपल्याच मादीवर तुटून पडतो. म्हणून दोन जोड्या काचेच्या पडद्याच्या दोन बाजूंना ठेवायच्या. राग शेजाऱ्यावर निघतो आणि घरात सलोखा राहतो. नवराबायकोत बिनसलं की समजायचं, काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झालाय. वाचताना मी मोठ्यानं हसले होते. पण याच लोरेंझनं 1938 मध्ये नाझी पक्षात प्रवेश केला होता, म्हणून माशांवरून माणसांचे निष्कर्ष काढण्याची वेळ आली की मी जरा अंग चोरते. माझे मासे मासेच राहू देत.

गर्दीचं भाडं मात्र मी भरते. बावीस होते. एक रस्टी कशानं गेला ते कळलं नाही. एवढ्यांची घाण म्हणजे अमोनिया. दर शनिवारी तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, टाकीच्या मानानं दुप्पट ताकदीचा फिल्टर चालवायचा, दाणे स्पिरुलिनाचे आणि तेही मोजून. हे शाकाहाराकडे झुकलेले मासे आहेत. मांसाळ खाद्यानं पोट फुगून मरतात. गावी जायचं तर चार दिवसांपेक्षा जास्त जाता येत नाही. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मी सातारला गेले आणि हळदीच्या दिवशी फोनवर शेजारच्या मुलाकडून पाण्याचा रंग विचारत होते.

आणि वीज. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे छत्तीस तास वीज नव्हती. सहा माशांच्या टाकीला ते सहज निभावलं असतं. बावीस माशांना पहाटेपर्यंत श्वास पुरेना. शांतता राखणारी गर्दीच आता सगळ्यांच्या नरड्याशी आली होती. बॅटरीचा छोटा पंप होता, तो कमी पडत होता. मी आणि नवरा आळीपाळीनं मगानं पाणी उपसून वीतभर उंचीवरून पुन्हा ओतत राहिलो, मेणबत्तीच्या उजेडात. सगळे मासे पृष्ठभागाशी आलेले, केनी आणि लॅब कल्ल्याला कल्ला लावून. कोणी कोणाला हाकलत नव्हतं. तो सलोखा बघवत नव्हता.

त्यातली एक निळी मादी अंडी तोंडात धरून होती. या माद्या सुमारे तीन आठवडे काही खात नाहीत, पिल्लं तोंडातच वाढवतात. हवा कमी पडली की पिल्लं थुंकून टाकण्याचा मोह व्हावा, पण तिनं जबडा मिटलेलाच ठेवला. वीज आल्यावर फिल्टर लगेच सुरू न करता आधी उघडला, आतलं सडकं पाणी ओतलं, स्पंज टाकीच्या पाण्यात खंगाळले. दुपारी केनीनं पहिला पाठलाग केला तेव्हा नवरा म्हणाला, "आले ताळ्यावर."

तिची पिल्लं नऊ-दहा दिवसांनी दगडांच्या फटीत दिसली. चौदा मोजली, महिनाभरात चार उरली. बाकीची शेजाऱ्यांनी खाल्ली आणि मी ती वाचवायला गेले नाही, कारण चौदा वाढवून ठेवायची कुठे? तळ्यात सोडणं हा पर्याय नव्हे. आफ्रिकेचाच एक सिक्लिड 1952 मध्ये भारतात आणला गेला. आज उजनीच्या धरणावर त्याला चिलापी म्हणतात आणि इथल्या बाजारात जिलेबी. दोन्ही नावं तिलापियाची, आणि दोन्ही ठिकाणी स्थानिक मासे त्याच्या मागे हटले.

दुकानातून आणलेल्या सहा निळ्यांपैकी दोन आतापर्यंत पिवळे झाले. दोन्ही परत गेले, दुकानदारानं शब्द पाळला. या आठवड्यात घरच्या चार पिल्लांपैकी एकाच्या परांच्या कडा मोहरीच्या फुलासारख्या दिसताहेत. सकाळच्या उजेडात आणखी एकदा नीट बघेन आणि कोळत्तूरला फोन करेन. हा त्यांच्याकडचा नाही, त्यामुळे ते घेतीलच असं नाही.