चोपन्न पायऱ्या

२०२२च्या पावसाळ्यात यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, वॉकर धरून हे घरात फिरायलाही लागले. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. हॉस्पिटलातून आणलं त्या दिवशी सोसायटीतल्या चार मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. चोपन्न पायऱ्या. पुढच्या पाच महिन्यांत हे तीनदा खाली उतरले, तिन्ही वेळा डॉक्टरांकडे, तिन्ही वेळा त्याच खुर्चीतून. चौथ्या खेपेला म्हणाले, "मुलांना नको बोलावूस. फोनवरच विचार डॉक्टरांना."

हे घर आम्ही १९८७ साली कोथरूडला घेतलं. तिसरा मजला मुद्दाम मागून घेतला, वारा येतो म्हणून. माझ्या पाटल्या त्यात गेल्या आणि पुढची पंधरा वर्षं दोघांच्या पगारातून हप्ता गेला. माझे वडील सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत जन्मभर भाडेकरू होते. मालकाशी कधी नळावरून, कधी जिन्यातल्या दिव्यावरून धुसफूस चालायची आणि आई दर वेळी म्हणायची, "पोरींनो, आपलं म्हणून एक छप्पर करा." ते छप्पर आम्ही केलं होतं. आता त्याखालून बाहेर पडता येत नव्हतं.

"विकून लिफ्टचं घर घ्या," मुलगा म्हणाला. हिशेब मांडला, तर वरची भर घालताना निवृत्तीची सगळी पुंजी जात होती. शिवाय सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चाललेली. ५१ टक्के सभासदांची संमती पुरते म्हणतात, पण ती गोळा होऊन नवी इमारत उभी राहीपर्यंत यांनी खिडकीतच बसायचं का? "पुनर्विकास झाला की लिफ्ट येईलच," हे मी आठ वर्षं ऐकत होते. शेवटी आपलं घर भाड्याने द्यायचं आणि लिफ्टचं घर भाड्याने घ्यायचं ठरवलं. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, लोक भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जातात. तुम्ही उलटे निघालात."

आमचं घर एका तरुण जोडप्याने २१ हजारांना घेतलं. लिफ्टवाल्याला २७ हजार. वरचे सहा हजार पेन्शनमधून घालायचे, शिवाय आमच्या सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. पण पैशांपेक्षा जड गेलं ते घर शोधणं. भाडं वेळेवर देणारी, दंगा न करणारी माणसं आम्ही. तरी आमची वयं ऐकली की फोनवरचा आवाज बदलायचा. एक बाई म्हणाल्या, "उद्या काही झालं तर?" 'काही' म्हणजे काय, ते त्यांना उच्चारवेना. यांना मी ते सांगितलं नाही. घर लांब पडतं, एवढंच म्हटलं.

करार करायला एजंट घरी मशीन घेऊन आला. माझा अंगठा उमटेना. ओल्या फडक्याने पुसून झाला, दोन्ही हातांची बोटं टेकवून झाली. चौथं बोट लागलं. करार वाचताना वडिलांची फार आठवण आली. १९४७च्या भाडे कायद्याच्या आधारावर ते मालकाशी ताठ मानेने भांडत; त्यांना उठवणं सोपं नव्हतं. आमचा लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट भाड्याने भरपाई भरायची, असं १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच सांगतो. वडिलांच्या मानाने आम्ही त्या घरात पाहुणेच.

पण पहिल्याच संध्याकाळी हे वॉकर घेऊन लिफ्टने एकटे खाली गेले. मी मागून जात होते, तर हाताने थांबवलं. पाऊण तासाने आले ते हातात मेथीची जुडी घेऊन. जून होती. मी काही बोलले नाही, निवडायला बसले.

बाथरूममध्ये धरायला दोन दांडे हवे होते. टाइल्सना भोकं पाडायची म्हणून मालकांची लेखी परवानगी काढली. बावीस महिन्यांनी त्यांचा फोन आला, मुलाचं लग्न ठरलंय, घर लागेल. वागणुकीला ते सज्जन होते, दोन महिने दिले. पण ते दांडे काढून भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवताना मला जे रडू आलं, ते स्वतःचं घर सोडतानाही आलं नव्हतं. पुन्हा बँक, गॅस, आधार, सगळीकडे पत्ता बदला. ७६ वर्षांच्या माणसाने पुन्हा नवीन घरात रात्री अंधारात बाथरूमची वाट शिकायची.

दुसऱ्या घराच्या वेळी मी अडून बसले. असा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो; अकरा महिन्यांची नुसती रूढी आहे. छत्तीस महिने, दोन्हीकडून लॉक-इन, वर्षाला ५ टक्के वाढ आणि दांड्यांची परवानगी करारातच, एवढं मागितलं. दोन मालकांनी नकार दिला, तिसऱ्याने सही केली. वयस्कर भाडेकरूने हे मागायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. त्याच आठवड्यात आमच्या घरातल्या जोडप्यालाही छत्तीस महिन्यांचा करार करून दिला. न मागता.

परवा त्या मुलीचा फोन आला. सातवा महिना आहे तिला. चाचरत विचारत होती, "काकू, पाळण्यासाठी छताला कडी बसवली तर चालेल का?"

म्हटलं, "बसवायची कशाला? आतल्या खोलीत आहे, खिडकीपासून दोन हात आत. चार-पाच वेळा रंग झालाय त्यावर. खरवडून बघ."