वैमानिकाचें जाकीट : माप आणि पारख

सुती कपडा शिवतांना कोठें चुकलें, तर शिंपी टाके उसवतो, आंत दाबून ठेवलेली माया सोडतो आणि कपडा अंगास बसवून देतो. वर इस्त्री फिरली कीं जुन्या सुईचीं भोंकें दिसतहि नाहींत. चामड्याचें तसें नाहीं. त्यांत सुई एकदां शिरली कीं तिचें भोंक कायमचें राहतें. म्हणून चामड्याचा कपडा घेणाऱ्यास दोन प्रश्नांचीं उत्तरें पैसे मोजण्यापूर्वींच मिळवावीं लागतात : हें आपल्या मापाचें आहे काय, आणि हें टिकेल काय ? जुनें लष्करी वैमानिकी जाकीट घेणाऱ्यास तर हे दोन्ही प्रश्न अधिकच अवघड जातात. कारण तें दुसऱ्याच्या अंगासाठीं, दुसऱ्या काळीं आणि निराळ्याच कामासाठीं बेतलेलें असतें.

आमचे वडील शिंपीकाम करीत. त्यामुळें मोजपट्टी आमच्या हातीं पाटीपेन्सिलीच्या आधींच आली. पुढें आम्ही मास्तर झालों, तरी कोणाच्याहि अंगावरचा कोट दिसला कीं त्याच्या खांद्याची शिवण कोठें पडते इकडे आमची दृष्टि प्रथम जाते. दोन वर्षांपूर्वीं सुटींत आम्ही आमच्या भाच्याकडे अमेरिकेंत डेटन येथें गेलों होतों. डेटन हें राइट बंधूंचें गांव. लष्करी विमानदलासाठीं लागणारें साहित्य जेथें पारखलें जाई तें राइट फील्ड हें ठाणें तेथलेंच, आणि विमानदलाचें राष्ट्रीय संग्रहालयहि आज तेथेंच आहे. अशा गांवीं राहून आणि 'टॉप गन' चित्रपट पाहून भाच्यास एक जुनें वैमानिकी जाकीट घेण्याची इच्छा झाली यांत नवल नाहीं. मामा शिंप्याचा मुलगा, तेव्हां पारखण्याचें काम ओघानेंच आमच्याकडे आलें. त्या निमित्तानें जें पाहिलें व शिकलों, तें आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों.

प्रथम नमुना ओळखावा. नमुना न ओळखतां माप पाहणें म्हणजे इयत्ता न विचारतां पुस्तकें वांटण्यासारखें आहे. अमेरिकन लष्कराच्या विमानदलानें ए-२ हा नमुना ९ मे १९३१ रोजीं मुक्रर केला. त्याच्या आधींच्या ए-१ ला पुढें बटनें होतीं व कॉलर लोकरीची विणलेली होती. ए-२ ला झिप आली आणि कॉलर चामड्याची झाली. चामडें बहुधा घोड्याचें, क्वचित् शेळीचें. खांद्यांवर पट्ट्या, पुढें टिचबटनांचे दोन खिसे, मनगटांस व कमरेस विणलेली लोकरी पट्टी, असा त्याचा थाट. १९४३ मध्यें जनरल आर्नोल्ड यांनीं त्याची नवी खरेदी थांबविली आणि कापडाचें बी-१० पुढें आलें. म्हणजे युद्धकाळांतील खरें ए-२ आज ऐंशी वर्षांहून अधिक वयाचें आहे. आरमाराच्या वैमानिकांचें जी-१ शेळीच्या चामड्याचें व केसाळ कॉलरीचें. हें नांव त्यास १९४७ मध्यें मिळालें. बी-३ हें १९३४ सालचें, मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचें. तें कां लागे, हें मुलांनीं भूगोलाच्या तासास पडताळून पाहावें : हवेचें तपमान उंचीच्या दर हजार फुटांस सुमारें दोन अंशांनीं उतरतें, समुद्रसपाटीस १५ अंश असेल, तर २५,००० फुटांवर तें शून्याखालीं ३४ अंशांच्याहि पलीकडे जातें. बी-१७ सारख्या मोठ्या विमानांतून माणसें अशाच थंडीत तासन् तास काढीत. ए-२ मात्र मुळांत सौम्य हवेसाठीं होतें. तें घालून हिमवर्षावांत उभें राहण्याचा बेत असेल, तर दोष जाकिटाचा नव्हे.

आतां मापाकडे वळूं. लेबलावर ४० असा अंक असला म्हणजे जाकिटाचा घेर चाळीस इंच असें नव्हे. ज्याची छाती ४० इंच भरते त्याच्यासाठीं तें शिवलें, एवढाच त्याचा अर्थ. कपड्याचा स्वतःचा घेर त्याहून अधिकच असावयास पाहिजे. शिवाय इतक्या वर्षांत चामडें भिजून, वाळून आखडलेलें असूं शकतें. म्हणून अंकावर विसंबूं नये, कपडा मोजावा. झिप लावून जाकीट मेजावर सपाट पसरावें, एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत मोजावें आणि दुप्पट करावें. नुसत्या सदऱ्यावर घालावयाचें असेल, तर छातीच्या घेराहून तीन-चार इंच अधिक भरलें म्हणजे पुरे. मग खांद्यांची रुंदी, बाहीची लांबी आणि कॉलरीखालून पाठीची लांबी घ्यावी. हीं चार मापें आपल्या अंगास नीट बसणाऱ्या एखाद्या कोटाशीं ताडून पाहावीं. आमचे वडील म्हणत, माणूस छाती फुगवून माप देतो. मेजावर पसरलेला कपडा तसें करीत नाहीं.

लांबीच्या बाबतींत नवख्याची हटकून फसगत होते. ए-२ कमरेशींच संपतें. तें आंखूड वाटतें म्हणून लोक एक-दोन अंक मोठें घेतात. मग खांद्याची शिवण दंडावर उतरते, छातीवर पिशवी होते, आणि लांबी मात्र बोटभरच वाढते. तो आंखूडपणा हेतुपुरस्सर आहे. वैमानिक बसून काम करी, आणि अंगावर पॅराशूटचे पट्टे घाली. लांब कपडा पट्ट्यांखालीं व मांडीवर गोळा झाला असता. यास्तव परीक्षा आरशापुढें उभें राहून न घेतां खुर्चीवर बसून, दोन्ही हात पुढें करून घ्यावी. कमरेची पट्टी कमरेशींच राहिली, मनगट उघडें पडलें नाहीं आणि काखेंत काचलें नाहीं, कीं माप जमलें. ए-२ ची पाठ एकाच अखंड तुकड्याची असते, म्हणून ती थोडी ताणली जाणारच. जी-१ च्या पाठींत खांद्यांमागें चुण्या ठेवलेल्या असतात, तेथें तेवढाहि ताण नसावा. बी-३ मात्र नुसतें बाहेरून मोजून भागत नाहीं. लोकरीची जाडी आंतली जागा खाते, म्हणून तें अंगांत घालूनच पाहावें.

माप जुळलें म्हणजे अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें पारखीचें. विणलेली पट्टी, अस्तर आणि झिप हीं झिजणारीं अंगें आहेत. लोकरीस कसर लागते, अस्तर घामानें विरतें. तीं बदललेलीं असलीं तर बिघडत नाहीं. विकणाऱ्यानें तसें सांगावें, म्हणजे झालें. बदलतां येत नाहीं तें चामडें. तें चिमटींत धरून हलकेंच वांकवावें. जिवंत चामडें वळतें, त्यास सुरकुती पडते आणि मिटते. मेलेलें चामडें कुरकुरतें, कडेस चिरतें आणि बोटास तांबूस भुकटी लावतें. एकदां भुकटी सुटूं लागली कीं वरून कितीहि तेल चोपडलें तरी तें पुन्हां सांधत नाहीं. काखा, खिशांचे कोपरे, कॉलरीची घडी आणि झिपेचा तळ हीं चार ठिकाणें उजेडांत अवश्य पाहावीं. ताण तेथेंच बसतो. टाकेहि पाहावे. दाट टाके म्हणजे बळकटी, ही समजूत कापडापुरती ठीक आहे. टपालाच्या तिकिटांच्या मध्यें ओळीनें भोंकें पाडतात, तीं तिकिटें सहज फाटावीं म्हणून. चामड्यावर फार दाट सुई चालविली कीं तेंच घडतें.

खरेपणाचीहि परीक्षा असते. खऱ्या ए-२ च्या मानेशीं लेबल असून त्यावर नमुना, ३०-१४१५ हा आराखड्याचा क्रमांक, कंत्राटाचा क्रमांक व बनविणाऱ्याचें नांव असें. हात खुपसण्याचे बाजूचे खिसे त्यास नव्हते. ते दिसले कीं जाकीट मागाहूनचें समजावें. १९८८ मध्यें अमेरिकन विमानदलानें ए-२ पुन्हां देण्यास आरंभ केला. तींहि खरींच, परंतु महायुद्धांतील नव्हेत. कांहीं विक्रेते साध्या जुन्या जाकिटावर नवें चिन्ह शिवून किंमत चढवितात. अशा वेळीं चिन्हाची कड किंचित् उचलून पाहावी : चिन्ह जुनें असेल, तर त्याखालचें चामडें भोवतालच्यापेक्षां ताजें राहिलेलें असतें.

इतकी तयारी करून आम्ही चार-पांच ठिकाणीं हिंडलों, आणि शेवटीं जवळच्या एका खेड्यांत एका वृद्ध बाईंकडे गेलों. त्यांच्या वडिलांचें जाकीट त्यांनीं विकावयास काढलें होतें. डाव्या छातीवर वडिलांच्या नांवाची चामडी पट्टी होती, आणि खांद्यावर एक ढाल : वर निळ्या भागांत चीनचा सूर्य आणि हिंदुस्थानचा तारा, खालीं लाल-पांढरे पट्टे. चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान या रणक्षेत्राचें तें चिन्ह. १९४२ ते १९४५ या काळांत आसामांतील धावपट्ट्यांवरून हिमालयाचे डोंगर ओलांडून चीनला सामान नेणाऱ्या वैमानिकांपैकीं ते एक होते. ती ढाल रंगीत चामड्याचे बारीक तुकडे कापून हातानें शिवलेली होती. असें काम वैमानिकांना आपल्याकडील बाजारांत करून मिळे. ओहायोंतील त्या ओसरीवर आमच्याच देशांतल्या कोणा कारागिराचे टाके पाहून आम्ही कांहीं वेळ मोजपट्टी विसरलों.

भाच्यानें जाकीट चढविलें. खांदे, बाही, कंबर, सगळें बरोबर. तो खुर्चीवर बसला, हात पुढें केले. पट्टी जागची हलली नाहीं. "मामा, हें जणूं माझ्यासाठींच शिवलेलें आहे," तो म्हणाला. बाईंनीं दोनशे डॉलर सांगितले. वडिलांचा जुना कोट कोणा तरुणाची थंडी भागवील, एवढाच त्यांचा हिशेब होता. आम्ही त्यास हात वर करावयास सांगितलें. डाव्या काखेंत शिवणीच्या भोंकांवरून तीन बोटें चीर गेली होती, आणि आमच्या बोटास तांबूस भुकटी लागली.

आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच भाच्यानें जाकीट उतरविलें आणि मेजावर ठेवलें. तो बाईंना म्हणाला, "हें वापरण्याजोगें राहिलेलें नाहीं, एका हिवाळ्यांत काख सुटेल. परंतु हें नांव आणि ही ढाल असल्यामुळें संग्राहक याला तुमच्या किमतीच्या कितीतरी पट देतील. कोणासहि देण्यापूर्वीं जाणत्या माणसास दाखवा." दोनशे डॉलरांत तें घेऊन तो दुसऱ्या दिवशीं मोठ्या किमतीस विकूं शकला असता, ही गोष्ट त्यास ठाऊक होती आणि आम्हांसहि. बाई बराच वेळ त्या पट्टीवरचें नांव पाहत बसल्या. मग आंत जाऊन त्यांनीं रुंद खांद्याचा लांकडी हँगर आणला आणि जाकीट त्यावर लावलें.

माप आणि गुण हे दोन निराळे प्रश्न आहेत, असें आम्ही आरंभीं म्हटलें. त्या ओसरीवर तिसरा निघाला : ही वस्तु कोणाची? अंगास बसते एवढ्यानें ती आपली होत नाहीं, आणि स्वस्त मिळते एवढ्यानें तर मुळींच नाहीं. मोजपट्टी पहिल्या प्रश्नाचें उत्तर देते, बोटें दुसऱ्याचें देतात. तिसऱ्याचें उत्तर ज्याचें त्यानें द्यावयाचें असतें.

भाच्यानें पुढें घोड्याच्या चामड्याचें, जुन्या बेतावर नव्यानें शिवलेलें ए-२ घेतलें. चारहि मापें आम्हीं स्वतः घेतलीं. किंमत दोनशे डॉलरांच्या पुष्कळ वर गेली, आणि नवें चामडें पहिला महिनाभर पुठ्ठ्यासारखें ताठ होतें. आतां तें कोपरांशीं त्याच्या अंगवळणीं पडूं लागलें आहे. दुकानदार डाव्या छातीवर हवें तें नांव व हवें तें चिन्ह लावून देण्यास तयार होता. भाच्यानें ती जागा कोरी ठेवली आहे.