टायर कुणाचेच नव्हते

फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेलसमोर १९७२ मध्ये समुद्राशी जे वागणं झालं, त्याचा मला आजही संताप येतो. माशांना घर मिळेल आणि जमिनीवरचा कचराही हटेल, असं सांगत तिथे सुमारे २० लाख जुने टायर बुडवले गेले. शंभराहून जास्त नौका मदतीला आल्या, आकाशातल्या ब्लिंपमधून, म्हणजे फुग्यासारख्या हवाई जहाजातून, सोनेरी रंग दिलेला एक टायर समारंभपूर्वक सोडला गेला. गठ्ठे बांधले होते नायलॉनने आणि पोलादी क्लिपांनी. खाऱ्या पाण्यात पोलाद गंजतं, हे कुठल्याही होडीवाल्याला ठाऊक असतं. क्लिपा गंजल्या, गठ्ठे सुटले आणि सुटे टायर वादळाबरोबर घरंगळत शेजारच्या जिवंत प्रवाळावर आपटू लागले. हलत्या रबरावर नवं प्रवाळ धरेना, जुनं खरवडून निघालं. लष्कराचे पाणबुडे ते काढायला उतरले २००७ मध्ये, म्हणजे ३५ वर्षांनी. सोनेरी टायर सोडताना जमलेली गर्दी खाली काय चाललंय हे बघायला परत आली असेल असं वाटत नाही, आणि हेच मला जास्त लागतं.

म्हणूनच त्याच राज्यातल्या स्मृतिभित्तींविषयी माझ्या मनात आधी संशयच होता. दिवंगताची राख सिमेंटमध्ये कालवून त्याचा घुमट समुद्रतळाशी ठेवायचा, ही कल्पना १९९८ मध्ये सारासोटाजवळ प्रत्यक्षात आली. मायामीजवळ २००७ पासून ४० फूट खोलीवर अशा स्मारकांचं गावच वसू लागलं. आक्षेप उघड आहे: राख दोन-तीन किलो, घुमट शेकडो किलोंचा; मग माशांच्या कामी येतं ते काँक्रीटच. खरं आहे. घुमट आतून पोकळ हवा, त्याला भोकं हवीत, अंग खडबडीत, वजन तळाशी आणि सिमेंटची क्षारता कमी केलेली. तेव्हा त्यावर शेवाळ आणि स्पंज धरतात, भोकांत लहान मासे लपतात. पण त्या दोन-तीन किलोंमुळे घुमटाला वारस मिळतो. खर्च घरचे करतात, आणि ‘आमचं माणूस तिथे आहे’ म्हणून चौकशीही तेच करतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मासे वाढत नाहीत, नुसते एका जागी गोळा होतात आणि जाळ्यात सोपे सापडतात. जिथे मासेमारीला मोकळीक आहे, तिथे हे होणारच. त्यामुळे बंदी पाळली जाणार नसेल तर भित्ती बांधूच नये. तिसरा आक्षेप आपल्याकडचा: अस्थिविसर्जन म्हणजे सोडून देणं, मग हा दगड कशाला? मलाही आधी तसंच वाटे. पण घुमटावरची नावाची पाटीही काही वर्षांत समुद्री वाढीखाली झाकली जाते. तेही एक विसर्जनच.

सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका बुडवून कृत्रिम भित्ती आणि पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प महाराष्ट्राने हाती घेतला आहे. त्याला माझा विरोध नाही. मात्र जहाज बुडवायच्या खर्चाबरोबरच पुढच्या दहा वर्षांच्या पाहणीचा खर्च आणि ती करणाऱ्याचं नाव कागदावर लिहा, आणि त्या पाहणीत तिथल्या मच्छीमारांना घ्या. समुद्रात काही ठेवायचं असेल, तर ते बघायला परत जाणारं माणूस आधी ठरवा.