आप्पांची खुर्ची पन्हाळ्यावर

आमचे आप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगला होते. कमरेखालचे बळ गेले आणि चाकाची खुर्ची आली. त्यानंतर चार वर्षे दवाखान्यापलीकडे ते कुठे गेले नाहीत. "पोत्यासारखं उचलून नेणार असाल, तर मी येत नाही," हे त्यांचे ठरलेले उत्तर.

कोल्हापुरात १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करणाऱ्या नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' आम्ही घरात वाचून काढले. मग आप्पांनीच माप देऊन लोखंडी चॅनलची जोडी करून घेतली. ती टेम्पोच्या फाळक्याला लावली की खुर्ची वर चढते. सुट्टीच्या दिवशी गल्लीतला टेम्पो सांगितला.

पंचगंगा दोनदा ओलांडून, वाघबीळवरून आम्ही पन्हाळ्यावर पोचलो. डांबरी रस्ता थेट गडात जातो, हे मोठे सुख. अंबरखान्याच्या कोठ्या बाहेरून पाहिल्या. तीन दरवाजापाशी दगड उंचसखल. तिथे खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाके पुढे करून ओढली. अंधारबावीला पायऱ्याच. आप्पा वर थांबले, आम्ही खाली जाऊन आलो आणि पाहिले ते सांगितले. २०२५ साली हा गड जागतिक वारशात गेला. त्या वारशात आप्पांचाही वाटा आहेच की!

वाटेतल्या एका हॉटेलात मुतारीला दोन पायऱ्या होत्या. तिथे पुन्हा चॅनल कामी आले.

पिठलं-भाकरी खाताना आप्पा म्हणाले, "आता रंकाळा. तिथं ढकलायलासुद्धा कुणी नको."