रिपोर्टात काय लिहायचं

खून कोणी केला, हे पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. भाऊ असतो, नवरा असतो, बांधाला बांध लागून असलेला शेजारी असतो. पुष्कळदा तो स्वतःच चालत येऊन ठाणे अंमलदारासमोर उभा राहतो. खरी गोष्ट पुढे सुरू होते. कागदावर काय येणार, काय येणार नाही, आणि हे ठरवणार कोण? डीबीत, म्हणजे गुन्हे शोध पथकात, उमेदीची वर्षं काढल्यावर मला हे नीट उमगलं. तोवर माझं सगळं गुन्हेविषयक शिक्षण बाबूराव अर्नाळकरांकडे झालेलं होतं.

आमच्या तालुक्याच्या गावी एका शिंप्याच्या दुकानातच सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली. त्यातली निम्मी तरी त्या शिंप्याच्या फळीवर असावीत अशी माझी समजूत होती. शेवटची पानं गळालेली पुस्तकं तो अर्ध्या भाड्यात देई आणि मी नेमकी तीच नेई. शेवट काय होणार ते ठाऊकच असायचं. झुंजार असो की काळापहाड, दुष्टाचा निकाल लागणार आणि जग पुन्हा स्वच्छ होणार. त्या गोष्टींतलं पाप बाहेरून यायचं, तळघरातून, बुरख्याआडून. पोलीस जरा उशिरा पोचायचे एवढंच. त्यांच्या चहाचं बिल मटकेवाला भरतोय, असं तिथे कुठे दिसलं नाही.

फौजदार झालो तेव्हा नाशिकच्या प्रशिक्षणात कायदा शिकवला, कवायत शिकवली. ठाण्याचा खर्च कसा भागतो हे कोणी शिकवलं नाही. रुळाजवळ बेवारस प्रेत सापडलं तर ते दवाखान्यात न्यायला टेम्पो लागतो, नंतर कफन लागतं, लाकडं लागतात. पंच तासन्‌तास उन्हात उभे राहतात, त्यांना निदान चहा द्यावा लागतो. आरोपी परगावच्या कोर्टात न्यायचा तर एसटीचं भाडं आधी खिशातून, बिल मंजूर होईल तेव्हा होईल. जीपचं डिझेल महिनाअखेरीच्या बरंच आधी संपायचं. कोऱ्या कागदाची रीम आणि कार्बन पेपर यांच्यासाठी मागणीपत्र लिहायचं तर त्यालाही कागद लागे.

पण सगळं वेळेवर व्हायचं. प्रेत उचललं जायचं, जीप धावायची, चहा यायचा. एक जुने हवालदार होते. ड्यूटीच्या रकान्यात त्यांच्या नावापुढे काहीतरी किरकोळ लिहिलेलं असे आणि आठवड्यातून एकदा ते मटक्याचे अड्डे, गुत्ते, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी हॉटेलं यांच्यावरून चक्कर मारून येत. आधी त्यातून रीम आली असेल. मग डिझेल आलं. मग वरून आलेल्या पाहुण्यांची जेवणं, मग बदलीसाठी लागणारी रक्कम. ही वसुली सुरू झाली कागदासाठी, पण कागदावर ती कधीच आली नाही. हवालदार माणूस म्हणून वाईट नव्हते. बेवारस प्रेताला खांदा द्यायला ते स्वतः जात, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही.

तिथेच एकदा एका तरुणाचा हात कोयत्याच्या पाठीने मोडला. मारणारा पुढाऱ्याच्या घरातला. डॉक्टरच्या दाखल्यात हाड मोडल्याचं होतं, ते लपण्यासारखं नव्हतं. फिर्याद लिहिली गेली तेव्हा कोयता नाहीसा झाला आणि त्या जागी ‘लाथाबुक्क्यांनी’ आलं. दंड विधानाचं ३२६ जाऊन ३२५ लागलं, अजामीनपात्र गुन्हा जामीनपात्र झाला आणि मारणारा संध्याकाळी टपरीवर चहा पीत उभा दिसला. गोळी झाडली गेली नाही, धमकी दिली गेली नाही, पाकीट हातातून हातात जातानाही कोणी पाहिलं नाही. फिर्यादीखाली ‘वाचून दाखवली, बरोबर आहे’ असं होतं आणि त्याखाली त्या पोराची डाव्या हाताने केलेली सही. मी साहेबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही डिटेक्शन बघा. ड्राफ्टिंग आम्ही बघतो.”

त्यानंतर अर्नाळकर वाचवेनात. त्यात अर्नाळकरांचा दोष नव्हता.

डॅशिएल हॅमेट मला फाउंटनच्या फुटपाथवर भेटला. एका अपिलाचे कागद घेऊन हायकोर्टात गेलो होतो, दिवसभर बाकावर बसून पुढची तारीख मिळाली होती, आणि व्हीटीकडे जाताना जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याचं ‘रेड हार्वेस्ट’ दिसलं. वर पिस्तुलाचं चित्र होतं म्हणून घेतलं. माझं इंग्रजी बेताचं, तरी रात्रीच्या पॅसेंजरमध्ये पुस्तक सरसर पुढे गेलं. कारण त्याची वाक्यं मला ओळखीची होती. खोली किती लांब, खिडकी कुठल्या बाजूला, माणसाच्या अंगावर काय, हातात काय. मनात काय, ते नाही. हा तर पंचनामा! पंचनाम्यात ‘सदर इसम दुःखी दिसत होता’ असं लिहीत नाहीत. आपल्याकडे पंचनाम्याला कोणी साहित्य म्हणत नाही. या माणसाने त्याचं साहित्य केलं.

पुढे कळलं की तो खरोखरच या धंद्यातला होता. जन्म १८९४, मेरीलँडमधला, शाळा अर्धवट सुटलेली. १९१५ साली बाल्टिमोरमध्ये तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत लागला. मधे सैन्यात गेला, तिथे फ्लू आणि मग क्षय झाला. पुन्हा पिंकर्टन, सॅन फ्रान्सिस्को, आणि छातीने दगा दिला तेव्हा नोकरी सोडून लेखन. मार्च १९२३ मध्ये ‘स्मार्ट सेट’ मासिकात त्याने हेरगिरीच्या नोकरीतले छोटे छोटे अनुभव छापले. त्यात एक आहे. तो ज्या माणसाच्या पाळतीवर होता तो माणूस शहराबाहेर फिरायला गेला आणि वाट चुकला, तेव्हा हॅमेटनेच त्याला परतीचा रस्ता सांगितला. हे वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. पाळत ठेवलेल्यांना हे समजेल. कादंबरीतला पाठलाग आणि खरा पाठलाग यांत हाच फरक आहे. खऱ्यात जास्त करून कंटाळा असतो.

‘रेड हार्वेस्ट’ १९२९ चं. त्यातला हेर बुटका, जाडसर, चाळिशीचा. त्याला नावसुद्धा नाही. कंपनीचा पगारी नोकर. पर्सनव्हिल नावाच्या खाणींच्या गावात तो येतो. लोक त्या गावाला पॉइझनव्हिल म्हणतात. खाण, बँक, वर्तमानपत्रं, आमदार-खासदार, सगळं एलिहू विल्सन नावाच्या म्हाताऱ्याच्या खिशात. खाणकामगारांचा संप मोडायला त्याने भाडोत्री गुंड आणलेले असतात. संप मोडतो, पण गुंड परत जात नाहीत. गावच त्यांचं होतं. पोलीसप्रमुखही त्यांच्यातलाच एक वाटेकरी. आता म्हाताऱ्याला गाव साफ करून हवंय आणि त्यासाठी तो दहा हजार डॉलरचा चेक फाडतो. गुन्हेगारी आणि प्रतिष्ठा समोरासमोर उभ्या आहेत असं आपण शाळेत शिकतो. इथे प्रतिष्ठेनेच गुन्हेगारी कामाला ठेवलेली आहे आणि तिचा पगार थकला आहे. आमच्या हवालदारांची आठवड्याची चक्कर मला या पुस्तकात पहिल्यांदा समजली.

हे गाव हॅमेटने हवेतून काढलं नव्हतं. मोंटाना राज्यातलं ब्यूट हे तांब्याच्या खाणींचं शहर त्यामागे आहे असं मानतात. तिथे अ‍ॅनाकोंडा कंपनीचं राज्य होतं. जून १९१७ मध्ये तिथल्या खाणीत आग लागून दीडशेहून जास्त कामगार मेले आणि संप पेटला. कामगार पुढारी फ्रँक लिटल पाय मोडलेला असताना तिथे आला. १ ऑगस्टच्या पहाटे बुरखेधाऱ्यांनी त्याला राहत्या घरातून उचललं, गाडीमागे फरफटत नेलं आणि रेल्वेच्या पुलाला टांगलं. कोणावरही खटला झाला नाही. हॅमेटची मैत्रीण, नाटककार लिलियन हेलमन हिने लिहून ठेवलंय की लिटलला मारण्यासाठी आपल्याला पाच हजार डॉलर देऊ केल्याचं हॅमेटने तिला सांगितलं होतं. कायद्याच्या भाषेत हा ऐकीव पुरावा, कोर्टात टिकायचा नाही. अभ्यासकही त्यावर शंका घेतात. पण पिंकर्टनचे लोक संप फोडण्याच्या कामावर असत, याला साक्षीदारांची गरज नाही. म्हणजे लेखक स्वतः त्या म्हाताऱ्या विल्सनच्या पगारपत्रकाच्या आसपास वावरलेला होता.

‘रेड हार्वेस्ट’मधले गोळीबार मी दुसऱ्यांदा वाचताना गाळले. फार आहेत आणि खोटे वाटतात. हेर सगळ्या टोळ्यांना एकमेकांवर सोडतो आणि गाव मढ्यांनी भरतं. असं कुठे होत नाही. खऱ्या जगात टोळ्या भांडत नाहीत, मांडवली करतात. मला भिडलं ते शेवटचं प्रकरण. सगळं उरकल्यावर हेर ऑग्डेनच्या एका हॉटेलात आठवडाभर बसतो आणि कंपनीच्या साहेबाला पाठवायचे रिपोर्ट घोळवतो. आपण किती नियम, किती कायदे मोडले ते त्यात दिसू नये म्हणून. साहेब अर्थात फसत नाही, झाडझाड झाडतो. आणि गाव? लष्कर येतं, साफसफाई होते, मग गाव पुन्हा त्याच विल्सनच्या हवाली. हे लिहायला रिपोर्ट लिहिलेलाच माणूस पाहिजे. बाहेरच्या लेखकाने पिस्तुलाचं वर्णन केलं असतं आणि टेबलावरचा कोरा कागद त्याच्या नजरेतून सुटला असता.

रेमंड चँडलर हा असा बाहेरचा. भाषा त्याची हॅमेटहून कितीतरी देखणी, पण तो तेल कंपनीतला अधिकारी. १९३२ साली नोकरी गेल्यावर लिहू लागला. त्याचा हेर मार्लो म्हणजे शूर सरदारच, घाणीतून चालतो आणि त्याचे बूट स्वच्छ राहतात. गंमत म्हणजे त्याच्याच लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी १९३८ मध्ये हॅरी रेमंड नावाचा माजी पोलीस, तेव्हाचा खासगी हेर, महापालिकेतला भ्रष्टाचार खणत होता म्हणून त्याच्या गाडीत बॉम्ब ठेवला गेला. तो जबर जखमी होऊन वाचला. बॉम्बप्रकरणी शिक्षा झाली ती शहर पोलिसांच्या गुप्तवार्ता पथकाच्या प्रमुखाला. त्याच वर्षी मतदारांनी महापौर फ्रँक शॉ यांना परत बोलावलं. महापौर घालवला तो मतपेटीने आणि कोर्टातल्या साक्षींनी. यात कुठल्या एकट्या शूराचं काम दिसत नाही, पण म्हणूनच यावर चांगली कादंबरी होत नसावी.

माझ्या नोकरीच्या काळातली सगळ्यात भयंकर गोष्टही अशीच बिनपिस्तुलाची आहे. जानेवारी १९९३ मध्ये रायगडच्या दिघी बंदरात शस्त्रं उतरली. माल नेणाऱ्या गाड्या पोलिसांनी वाटेत अडवल्या, म्हणजे नाकाबंदी होती, माणसं जागी होती. तरी सौदा झाला. पुरते पैसे जागेवर नव्हते तेव्हा चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि गाड्या सुटल्या. हे पुढे न्यायालयात शाबित झालं. १२ मार्चच्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसं मेली. त्या रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्यांना हे पुढचं दिसत नव्हतं, हे मी मानायला तयार आहे. त्यांना फक्त नेहमीची तस्करीची गाडी दिसली. ‘नेहमीची’ हेच तर दुखणं. स्फोटांनंतर केंद्राने गृहसचिव एन. एन. व्होरा यांची समिती नेमली. गुन्हेगार, पुढारी आणि अधिकारी यांचं साटंलोटं किती खोल गेलंय ते तिने ऑक्टोबर १९९३ मध्ये लिहून दिलं. तो अहवाल संसदेपुढे आला ऑगस्ट १९९५ मध्ये. त्यात पुढाऱ्यांची नावं नव्हती. मला ऑग्डेनचं हॉटेल आठवलं.

मी पुढे साइड पोस्टिंगला गेलो. त्यात फार सांगण्यासारखं नाही. वाचायला वेळ मिळाला, हॅमेटचं ‘माल्टीज फाल्कन’ तिथेच वाचलं. त्यातला हेर सॅम स्पेड आपल्याला लाच म्हणून चारलेली हजार डॉलरची नोट शेवटी पोलिसांच्या हाती ठेवतो. मुद्देमाल जमा! अँटी करप्शनचे लोक नोटांना अँथ्रासिन लावतात आणि दिव्याखाली बोटं निळी चमकतात, ते मी पाहिलं आहे. पण कोयत्याच्या जागी लाथाबुक्क्या लिहिणाऱ्या हाताला कुठली पावडर लावायची?

हॅमेटचा स्वतःचा शेवटचा मोठा मुकाबलाही कागदावरूनच झाला. अमेरिकेत डाव्यांची धरपकड चालू असताना तो त्यांच्या जामीन निधीचा विश्वस्त होता. १९५१ साली निधीला पैसे देणाऱ्यांची नावं कोर्टाने विचारली. त्याने दिली नाहीत आणि अवमानाबद्दल सहा महिन्यांची कैद घेतली. क्षयाने पोखरलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस तुरुंगातले संडास धूत होता. त्याचं राजकारण मला पटत नाही, पण खबरीचं नाव पोटात ठेवणारा माणूस मला कळतो. १९६१ मध्ये तो गेला. दोन्ही महायुद्धांत गणवेश घातलेला म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जागा मिळाली.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, साहेब, खरा गुन्हा आणि पुस्तकातला गुन्हा यांत साम्य काय? हॅमेट वाचा, म्हणतो, आणि गोळीबार गाळा. दुसरं एक सांगतो ते पुस्तकाविषयी नसतं. कधी ठाण्यात फिर्याद द्यायची वेळ आली तर लिहून झाल्यावर घाईने सही करू नका. तुम्ही सांगितलेलं लिहून घेऊन तुम्हाला वाचून दाखवायचं, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे. स्वतः वाचा. कोयता सांगितला असेल तर कोयताच लिहिलाय का बघा. आणि प्रत घेतल्याशिवाय बाकावरून उठू नका. ती मोफत मिळते.